डाव्या पावलाची नाडी

"मोजेही काढा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि तिच्या नवऱ्याचे हात शर्टाच्या शेवटच्या बटणावर तसेच थांबले. "ऑपरेशन डोळ्याचं आहे," तो हसत म्हणाला, "मोज्यात कुठला मोतीबिंदू सापडायचा?" डॉक्टरीणबाईही हसल्या, पण हसता हसताच त्यांनी टेबलाखालची छोटी पायरी पुढे ओढली, पँट उतरवून कमरेला गुंडाळायला एक चादर दिली आणि त्याला वर चढायची खूण केली. ऑपरेशनआधी माणूस डोक्यापासून नखापर्यंत बघायचा, असा त्यांचा शिरस्ता असावा. भिंतीलगतच्या खुर्चीवर पर्स मांडीत घेऊन ती बसली होती. तिला खरं तर आत यायचंच नव्हतं. बाहेरच्या बाकावर जुनं मासिक चाळत बसावं, बोलावतील तेव्हा फक्त औषधं समजून घ्यावीत, असा तिचा बेत होता. अलीकडे नवऱ्याच्या बाबतीत तिचे सगळे बेत असेच असत, जेवढ्यास तेवढे. पण त्याला वाचायला दिसत नव्हतं, कागद बघायला कुणीतरी हवं होतं, म्हणून ती आत आली. आणि कितीतरी काळानं त्याचं उघडं अंग तिला दिव्याखाली दिसलं. छातीवरचे केस पांढरे झाले होते. कधी झाले? घरात झोपायच्या दोन खोल्या झाल्यापासून असल्या गोष्टी कळायचं काही कारणच उरलं नव्हतं.

उजवा मोजा त्यानं चटकन काढला. डाव्याला वेळ लावला. हल्ली घरातसुद्धा तो मोजे घालूनच वावरायचा. म्हातारपणाचं एक खूळ, म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं. आता तो मोजा करंगळीपाशी चिकटला होता, आणि नवरा तो असा हलक्या हातानं सोडवत होता, की या कामाची त्याला सवय आहे हे खोलीतल्या कुणालाही कळावं. आतून कापसाचा एक बोळा खाली पडला. करंगळीच्या कडेला वाटाण्याएवढी जखम होती, काठ काळपट. "बूट चावला," तो म्हणाला. "कधी?" "झाले काही आठवडे." "इतके आठवडे बूट चावत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण आता त्या हसत नव्हत्या. वाकून त्या दोन्ही पाय नुसत्या बघत होत्या. ती पण बघू लागली. जन्मभर माळावर, शेताच्या बांधांवर जमिनी मोजत हिंडलेला मोजणीदार होता तो. लग्नानंतरच्या दिवसांत त्याच्या पोटऱ्यांकडे बघून तिला मनातल्या मनात लाज वाटायची, इतक्या त्या ठसठशीत होत्या. आता डावी नडगी केस गळून तुळतुळीत झाली होती, भिजल्या साबणासारखी चकाकत होती, आणि त्या पायाची पोटरी दुसऱ्याच कुणाची तरी असावी तशी हाडाला लोंबत होती.

डॉक्टरीणबाईंनी पालथा हात, तापल्या पोराचं कपाळ बघावं तसा, दोन्ही पायांवरून गुडघ्यापासून खाली नेला. डावीकडे तो अर्ध्या वाटेवर थांबला, जरा वर गेला, पुन्हा खाली आला. मग त्यांनी उजव्या अंगठ्याचं टोक दाबून सोडलं. पांढरा ठसा उठला आणि लगेच त्यात लाली परतली. डाव्या अंगठ्यावरचा ठसा तसाच राहिला. राहिला. मग नाइलाज झाल्यासारखा सावकाश भरून आला. मग त्यांनी तीन बोटं उजव्या पावलाच्या उंचवट्यावर ठेवली, मान हलवली, आणि तीच बोटं डाव्या पावलावर आणली. तिथे त्यांनी मान हलवली नाही. त्या खिडकीकडे बघू लागल्या. बोटं किंचित सरकली, थांबली, जरा हलकी झाली, पुन्हा सरकली. फळ्यापुढे उभ्या असलेल्या पोराला उत्तर येत नसलं, की सगळा वर्ग जसा श्वास धरून बसतो, तशी एक शांतता खोलीत आली. अशा शांततेत तिची सगळी नोकरी गेली होती. गणित शिकवायची ती. त्या वेळी काय करायचं ते तिला ठाऊक होतं, मास्तरणीनं खडू हातात घ्यायचा. इथे ती मास्तरीण नव्हती. डॉक्टरीणबाईंची बोटं घोट्याच्या मागे गेली, मग गुडघ्याच्या मागच्या खळग्यात, मग चादर जरा सरकवून जांघेत. "इथे लागतेय," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "गुडघ्यामागे अगदी पुसट. खाली नाही."

"नाही म्हणजे?" ती म्हणाली. आत आल्यापासूनचा हा तिचा पहिला शब्द होता.

"नाडी बोटांना लागत नाही. यंत्रानं ऐकून बघू."

पेनाएवढं एक यंत्र होतं, त्याला लहानसा स्पीकर. थंड, चिकट मलम लावून ते उजव्या पावलावर टेकवलं, तेव्हा ओल्या फरशीवर कुणी झाडू मारावा तसा सपक सपक आवाज खोलीभर घुमला. हे याच्या आत एवढ्या जोरात चाललेलं असतं, याचं तिला नवल वाटलं. डाव्या पावलावर नुसती खरखर. पुष्कळ शोधल्यावर, दाराखालच्या फटीतून वारा यावा तसं काहीतरी आलं आणि गेलं.

"चालताना पोटरी दुखते का हो?"

"थोडीफार. वय झालं."

"किती चाललं की दुखते?"

तो छताकडे बघत राहिला. डॉक्टरीणबाईही त्याच्याकडे बघत नव्हत्या, त्या कागदानं पावलावरचं मलम पुसत होत्या, आणि बहुधा त्यामुळेच त्यानं खरं सांगितलं. "फाटकापासून कोपऱ्यापर्यंत. मग थांबावं लागतं. थांबलं की जातं. पुन्हा निघालो की पुन्हा धरतं, आतून कुणी मूठ आवळावी तसं."

"आणि जिना?"

"एक मजला होतो. दुसऱ्याला बसावं लागतं." तो थांबला. "तिसरा नाही होत."

"कधीपासून?"

"दोन वर्षं. वर थोडी."

तिसरा नाही होत. हे वाक्य त्यानं अगदी साध्या आवाजात, दुकानात साखर नाही म्हणून सांगावं तसं सांगितलं, आणि तिला एकाएकी खुर्चीचा पत्रा मांड्यांना गार लागला. तिची ताई तिसऱ्या मजल्यावर राहायची. जुनी इमारत, लिफ्ट नाही, जिन्याला लोखंडी कठडा, वळणावळणावर कुणाच्या तरी चपलांचे ढीग. त्या घरात ताई सगळा उन्हाळा मरत होती. आई गेल्यावर तिला वाढवलेली, तिच्या वेण्या घातलेली, तिला पहिल्या नोकरीवर पोहोचवायला आलेली ताई. ती रोज जायची, आणि नवरा रोज बरोबर यायचा. खालच्या औषधाच्या दुकानापुढे बाक होता, त्यावर बसायचा. "तू हो पुढे," म्हणायचा. पहिले काही दिवस तिला वाटलं, येईल. मग वाटलं, भित्रा आहे, आजारपण बघवत नाही. ताई विचारायची, "तो नाही आला?" ती सांगायची, खाली आहे, औषधं घेतोय. ताई म्हणायची, "किती औषधं घेतो गं तो!" आणि हसायचा प्रयत्न करायची. शेवटच्या दिवशीही तो वर आला नाही. ताईला खाली आणल्यावरच पुढे झाला, खांदा द्यायला नाही, नुसताच उभा राहिला बाजूला. त्या दिवशी तिच्या मनात काहीतरी मिटलं. भांडण झालं नाही. भांडायला समोरचा माणूस आपला वाटावा लागतो.

आणि तिच्यासारख्या गणिताच्या बाईनं जे करायचं, तेच तिनं नंतर केलं. पक्ष, साध्य, सिद्धता. साध्य ठरलेलंच होतं: या माणसाला माझं कुणी नकोय, आणि मीही नकोय. मग एकेक मुद्दा आपसूक येऊन रांगेत उभा राहू लागला. ती निवृत्त झाली तेव्हा केवढ्या हौसेनं तिनं संध्याकाळचं फिरणं ठरवलं होतं. जन्मभर तो गावोगाव आणि ती शाळेत, आता तरी बरोबर चालू. महिनाभर तो आला. मग मागे पडू लागला. दुकानांच्या काचांपुढे थांबू लागला. बरं, कसल्या दुकानांच्या? नळाच्या तोट्या, बायकांच्या पर्सा, शाळेचे गणवेश. "तोट्यांत एवढं काय बघण्यासारखं आहे?" तिनं एकदा विचारलंही होतं. "बघतो जरा. तू हो पुढे." ती पुढे व्हायची. पुढच्या कोपऱ्यावर थांबून मागे पाहायची, तर तो काचेत तोंड घालून उभा. आणि तिला वाटायचं, माझ्याबरोबर चालण्यापेक्षा याला तोट्या बऱ्या. एके दिवशी तो म्हणाला, मला कंटाळा येतो फिरायचा. मोजणीदाराला चालायचा कंटाळा! तिनं तेही मांडून ठेवलं. मग ताईचं आजारपण आलं आणि सिद्धता पुरी झाली. तिनं तिची गादी दुसऱ्या खोलीत नेली, गुडघे दुखतात, कूस बदलताना तुमची झोप मोडते, असं काहीबाही सांगून. तो म्हणाला, बरं. हे 'बरं'ही तिनं मांडून ठेवलं होतं. आता या लख्ख दिव्याखाली, एका उघड्या, फिकट पायासमोर, ती सगळी मांडणी पहिल्या ओळीपासून चुकली होती. पायऱ्या सगळ्या बरोबर होत्या, एकही खोट नव्हती. पक्षच चुकला होता.

डॉक्टरीणबाई त्याचे दोन्ही पाय घोट्याशी धरून वर उचलत होत्या. डावं पाऊल बघता बघता मेणासारखं पांढरं पडलं. मग त्यांनी त्याला उठवून पाय खाली सोडून बसवलं, आणि तेच पाऊल हळूहळू लाल, मग जांभळट लाल झालं. "रक्ताची वाट वर कुठेतरी बुजली आहे," त्या म्हणाल्या. "सिगारेट?" "सोडली," तो म्हणाला. "सोडायच्या आधी?" तो मांडीवरची चादर नीट करू लागला. "डोळा थांबेल. हा पाय थांबणार नाही. या आठवड्यात शिरांचा फोटो काढायचा, वाट उघडता आली तर उघडायची. करंगळीचं मी आत्ता काही सांगत नाही." मग त्या तिच्याकडे वळल्या. "काकू, जरा इकडे या. काकांना दिसत नाही नीट, पाय रोज तुम्हाला बघावा लागेल. गार आहे का, रंग बदलला का. आणि ही नाडी. या, घाबरू नका."

ती उठली. पर्स कुठे ठेवावी ते तिला कळेना. शेवटी ती खुर्चीखाली ठेवली. डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरून तीन बोटं त्याच्या उजव्या पावलावर ठेवली. "दाबू नका. दाबलं की मरते. नुसती ठेवा आणि वाट बघा." तिनं वाट बघितली. कातडी उबदार होती, ओळखीची होती. आणि मग खालून काहीतरी टेकलं, गेलं, पुन्हा टेकलं. अंड्याच्या आतून पिल्लानं चोच मारावी तेवढंच. तिच्या मानेवर काटा आला. "लागली?" "हो." "आता डावं." डावं पाऊल गार होतं, सकाळच्या फरशीसारखं. तिनं बोटं ठेवली. नवरा तिच्या डोक्याकडे बघत असावा. त्याचा श्वास तिच्या केसांवर येत होता. काही नाही. काही नाही. आणि मग एकदम ठोके, जोरात, भरभर. "आहे!" ती जवळजवळ ओरडली. "आहे, लागतेय!" डॉक्टरीणबाईंनी तिचं दुसरं मनगट धरलं, क्षणभर दोन्हीकडे लक्ष दिलं, आणि हळूच म्हणाल्या, "ते तुमचं आहे, काकू. जीव घाबरला की आपल्याच बोटांत वाजतं. शिकत होते तेव्हा माझंही व्हायचं." तिनं हात मागे घेतला. नवरा म्हणाला, "जाऊ दे. खूप शोधलंस." इतक्या दिवसांत त्यानं तिला म्हटलेलं हे पहिलं चांगलं वाक्य होतं, आणि तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

घरी आल्यावर त्यानं सवयीनं मोजे चढवायला घेतले, तेव्हा ती म्हणाली, "राहू दे आता. कुणापासून लपवताय?" तो मोजे हातात धरून बसून राहिला. तिनं चहाचं आधण ठेवलं आणि उकळायच्या आत बंद केलं.

"ताईकडे वर का नाही आलात?"

"ऐकलंस ना तिथे."

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

तो पुष्कळ वेळ मोज्याची गुंडाळी करत राहिला. "आलो होतो," तो म्हणाला. "शेवटच्या दिवशी. दुसऱ्या मजल्यापर्यंत आलो, मग पायरीवर बसलो. वाटलं, कळ थांबली की उरलेला चढू. तेवढ्यात वरून तुझं रडणं ऐकू आलं. समजलो. उठायला गेलो तर पाय उचलेना. लोक ये-जा करायला लागले, मला ओलांडून. मग कठडा धरून खाली गेलो."

"तेव्हा सांगता नाही आलं?"

"तुझी ताई मरत होती. त्यात माझी पोटरी कुठे सांगत बसू?"

"आणि नंतर? दोन वर्षं?"

"नंतर तू बोलायचीच बंद झालीस. तेव्हा सांगितलं असतं तर सबब वाटली असती." मग जरा थांबून, "आणि खरं सांगू? लंगडा म्हणवून घेण्यापेक्षा माणूसघाणा म्हटलेलं परवडलं मला. माणूसघाणा काय, कुणीही असतं."

तिला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग. आधीच्या रागाहून मोठा, आणि त्याला टेकायला जागा नव्हती. आधीचा राग कसा, घरच्या खांबासारखा होता. त्याला पाठ लावून ती दोन वर्षं सरळ बसली होती. ताईच्या आठवणीनं जीव गलबलला, की तो खांब हाताशी होता. शेजारणीनं, "तुमचे मिस्टर दिसत नाहीत फिरायला," म्हटलं, की तो हाताशी होता. आता यानं तो उपटून घेतला, आणि वर म्हणतोय, सबब वाटली असती. पायरीवर बसलेला तो तिला दिसू लागला, चपलांच्या ढिगाशेजारी, लोक त्याला ओलांडून चाललेत. आणि वर ती ताईच्या उशाशी, मनात म्हणतेय, दगड आहे हा माणूस. मध्ये एक मजला. एक हाक पुरली असती. "तुम्ही मला तुमचा द्वेष करू दिलात," ती म्हणाली. "करू दिलात, आणि बघत बसलात." ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मग लगेच उघडलं, कारण पाय बघायचा राहिला होता.

शिरांचा फोटो झाला. जांघेतून बारीक नळी घालून वरची मोठी वाट उघडली, आत जाळी बसवली. खालच्या बारीक वाटा मात्र जुन्याच राहिल्या. करंगळी गेली. ती काढायच्या दिवशी तो परिचारिकेला म्हणाला, "हिशेबात एक कमी झालं म्हणून मोजणी अडत नाही," आणि परिचारिका हसली, ती हसली नाही. मुलगा परगावाहून आला, दोन दिवस राहिला, "आई, तुला काहीच कसं कळलं नाही?" म्हणाला. यावर तिला पुष्कळ उत्तरं होती. तिनं त्याचा डबा भरून दिला.

मग सकाळी पाय बघायचं रोजचं काम लागलं. आंघोळ झाली की तो पलंगावर पाय लांब करून बसायचा, ती स्टूल ओढायची. पालथा हात, मग अंगठा दाबून लाली बघायची, मग घोट्यामागे तीन बोटं. काही दिवस नाडी लागायची, काही दिवस नाही. गार मात्र आता तो पूर्वीसारखा नसायचा. या वेळात ती बोलत नसे. त्यालाही ते उमगलं असावं, तो खिडकीबाहेर बघत राही. राग गेला नव्हता. कधीकधी बोटं पावलावर असतानाच तो उसळून यायचा, आणि तिला वाटायचं, याला कळत असेल का बोटांतून. पण दुसऱ्या खोलीत झोपायला जाताना आता ती दार उघडं ठेवायची, हाक ऐकू यावी म्हणून. हाक कशासाठी, ते तिनं ठरवलं नव्हतं. एका रात्री तिला ताई नेहमीसारखी स्वप्नात दिसली नाही. नुसता जिना दिसला, रिकामा, धुतलेला.

जखम भरली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता चालणं हेच औषध. दुखेपर्यंत चाला, दुखलं की थांबा, थांबलं की परत चाला. लाज धरायची नाही. जितकं दुखेल, तितक्या आत नव्या वाटा फुटतील." दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर त्यानं बूट घातले आणि दारात उभा राहिला. "येतेस?" ती भाजी चिरत होती. "नाही," ती म्हणाली. "मला नाही अजून जमायचं." त्यानं मान हलवली. कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्याचा आवाज तिला येत राहिला. मग फाटक वाजलं.

ती गॅलरीत आली. यायचं नाही असं ठरवूनही आली. खाली रस्त्यावर नेहमीचीच वर्दळ होती. एक बाई ढकलगाडीतलं पोर घेऊन चालली होती, समोरचा चांभार दुकानाची फळी लावत होता, शाळेच्या बसमधून पोरं उतरत होती. नवरा भिंतीकडेनं चालला होता, सावकाश, पण सरळ. मोजणीदाराची चाल, एका पावलाला दुसरं जोडून. कोपऱ्यापाशी त्याचा डावा पाय आखडलेला तिला वरून दिसला. तिथे भांड्यांचं दुकान होतं, काचेत चकचकीत पातेली मांडलेली. तो काचेकडे वळला. तिचे हात कठड्यावर आवळले गेले. आता तोंड घालेल काचेत, तिला वाटलं, आता बघत बसेल पातेली. क्षणभर तो तसाच उभा राहिला. मग काचेकडे पाठ करून तो रस्त्याकडे तोंड करून वळला, मान वर केली, डोळ्यांवर हात धरून गॅलरीच्या दिशेनं बघू लागला. ती त्याला दिसणं शक्य नव्हतं. इतक्या लांबचं त्याला दिसतच नव्हतं. तरी सगळ्या रस्त्यासमोर, चांभारासमोर, ढकलगाडीवाल्या बाईसमोर, शाळेतल्या पोरांसमोर, आयुष्यात कधी रस्त्यात आवाज न चढवलेला तो माणूस ओरडला:

"अगं, दुखतंय!"

पोरं थबकली. चांभारानं वर पाहिलं. तो पुन्हा ओरडला, या वेळी नुसतंच, "दुखतंय गं!"

तिनं कठड्यावरून वाकून, सारी गल्ली ऐकेल अशा मास्तरणीच्या आवाजात सांगितलं, "मग थांबा तिथेच! हलू नका. आले मी." आणि पायात चपला सरकवून, दार उघडंच टाकून, ती जिना उतरू लागली.